पाहुणे साहेबांच्या भावाचा भात

उम्म सईद, कतार
सोमवार, ८ मार्च १९६५

उस्मान मामूंना आणि हजरा मामींना शफीकचा अदबीने सलाम. अल्लाच्या करमाने मी इथे खुशाल आहे. पोट जरा पुढे आलं आहे, बाकी सगळं जिथल्या तिथे आहे. तिकडची खुशाली मामींच्या पत्रातून कळली. डॉक्टरांनी मामूंना माडावर चढायची मनाई केली म्हणून मामूंनी डॉक्टरच बदलला, हे मी मेसमध्ये वाचून दाखवलं तेव्हा आमचा रत्नागिरीचा सगळा घोळका पोट धरून हसला. मामू, सत्तरीला टेकलात, आता तरी माणूस लावून नारळ उतरवून घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशनही तुम्ही टाळताय असं जैतूनने लिहिलं आहे. ‘जे बघायचं ते बघून झालं’ असं म्हणालात म्हणे. बायकोने ते वाक्य मला मुद्दाम कळवलं आहे, कारण चष्म्याला लागणारे पैसे मी पाठवतो म्हटलं तेव्हा तुम्ही तेच म्हणाला होतात. असो. म्हणजे हे पत्र मामी वाचणार आणि तुम्ही पडवीत आरामखुर्चीवर डोळे मिटून ऐकणार, असं धरूनच मी लिहितो आहे. टपालाने न टाकता मुद्दाम आपल्या मुंबईच्या मुनाफच्या हाती पाठवतो आहे, कारण टपालाचा भरवसा नाही.

(मामी, थांबा. हा कंस मोठ्याने वाचू नका. सुरुवात केली असेल तर खोकून टाका. या पत्रात जिथे जिथे कंस येईल तिथला मजकूर फक्त तुमच्यासाठी आहे. तुम्ही मास्तरांची लेक, मनातल्या मनात वाचणं तुम्हाला जमतं. तेवढ्यात मामूंनी ‘का थांबलीस’ विचारलं तर शफीकचं अक्षर लागत नाही म्हणून सांगा, ते त्यांना पटेल.)

मामू, तुमच्या एका चिठ्ठीवर मला इथे बटलरची नोकरी लागली त्याला या महिन्यात नऊ वर्षं झाली. अब्बा गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तुम्ही बोटीवरून सुट्टीला उतरलात, सरळ आमच्या घरी आलात आणि मला उचलून दाभोळला घेऊन गेलात. काटा कुठे ठेवायचा, चमचा कुठे ठेवायचा, साहेब चिडला तर नजर कुठे ठेवायची, हे सगळं तुम्ही मला शिकवलंत, आणि त्यावरच मी आज चार माणसं हाताखाली घेऊन कंपनीचं गेस्ट हाऊस चालवतो. आठ खोल्या, एक मेस, एका बाजूला समुद्र, तीन बाजूंना वाळू. जेवताना रोज तुमच्यासाठी दुआ निघते. हे सगळं आधी लिहून ठेवतो, कारण पुढे पत्रात तुम्हाला माझा राग येण्याचा संभव आहे आणि तेव्हा ही ओळ लक्षात असलेली बरी.

तर गेल्या ऑगस्टात आमच्याकडे एक पाहुणे साहेब राहायला आले. जेटीवर मोठे पंप बसवायचे होते, त्याचे ते इंजिनियर. फार लांबून आले, पूर्वेकडच्या एका मुलुखातून. (मामी, ते जपानी आहेत. नाव ओकुमुरा. मामूंच्या घरात त्या देशाचं नाव निघत नाही हे मला कोणी सांगायला नको. लहानपणी उरुसातून मी किल्लीचं बदक आणलं होतं, मामूंनी ते उलटं करून खालची अक्षरं वाचली आणि उठून खाडीत फेकलं. वर ते बदक बुडलं नाही, पोहत पलीकडे गेलं, याचा त्यांना आणखी राग आला. पण का फेकलं तेही मला ठाऊक आहे. त्रेचाळीस साली त्या लोकांच्या पाणबुडीने मामूंची बोट बुडवली, नऊ दिवस मामू होडीत होते, आणि सातव्या दिवशी नसरुद्दीन मामूंना, आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला, त्यांनी स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडलं. म्हणून मी हे सगळं हळूहळू सांगणार आहे. पत्राच्या शेवटी मला मामूंकडे एक गोष्ट मागायची आहे. ती त्यांनी नाकारली तर एका भल्या माणसाचा अपमान होईल आणि तो माझ्यामुळे होईल. तुम्ही फक्त आवाज नेहमीसारखा ठेवा.)

पहिल्याच दिवशी पाहुणे साहेब दारात मला बघून कमरेतून वाकले. मला वाटलं यांचं काही खाली पडलं, म्हणून मीही वाकून शोधायला लागलो. मला वाकलेलं बघून ते आणखी खाली गेले. मी लादीवर बघतो आहे, ते लादीवर बघताहेत, आणि मागे टॅक्सीवाला तिसरा, तोही वाकून विचारतो आहे की काय हरवलं. मग कळलं की त्यांच्या मुलुखात हाच सलाम. माणूस जितका मोठा तितकं जास्त वाकायचं, आणि समोरचा वाकला तर आपण त्याच्याहून थोडं खाली जायचं. आता मी वाकतो तो फक्त अल्लापुढे, शिवाय कंबरही साथ देत नाही. मी उजवा हात छातीवर ठेवून मान हलवायचं ठरवलं. दोन दिवसांत साहेबांनी ते उचललं. पुढचे सात महिने ते मला बघून आधी हात छातीवर ठेवायचे आणि मग वाकायचे, म्हणजे दोन्हीकडचं देणं एकदम चुकतं करायचे. नऊ वर्षांत इथे कितीतरी साहेब आले आणि गेले. चहा ठेवणाऱ्या माणसाकडे ते बघत नाहीत, कपाकडे बघतात. हे पहिले साहेब, ज्यांनी कपाच्या आधी माझ्याकडे बघितलं.

चपलांचं प्रकरण वेगळंच. साहेब दारातच बूट काढायचे आणि टोकं बाहेरच्या बाजूला वळवून जोडीने लावून ठेवायचे. आमच्या लोकांना हे घरच्यासारखं वाटलं, त्यांनीही आपापले बूट काढले, आणि एक दिवस आमचे इंग्रज मॅनेजर इन्स्पेक्शनला आले ते दारातल्या बारा बुटांना अडखळून थेट जेवणाच्या टेबलावर आले. ते निस्तरतो न निस्तरतो तोच माझ्या हातून दुसरी चूक झाली. साहेबांच्या खोलीत निळ्या कापडाच्या सुरेख सपाता होत्या. एवढ्या छान सपाता संडासच्या दारात का म्हणून मी त्या पुसून डायनिंग हॉलमध्ये त्यांच्या खुर्चीखाली ठेवल्या. साहेब आले, सपाता बघितल्या, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्याकडे संडासच्या सपाता फक्त संडासच्या, त्या जेवणाच्या जागी आल्या म्हणजे काय झालं ते मामी, तुम्ही समजून घ्या. पण साहेबांनी मला बोल लावला नाही. शांतपणे त्या उचलल्या, जागेवर नेऊन ठेवल्या, हात धुतले आणि माझ्या चुकीबद्दल तेच मला ‘सॉरी’ म्हणाले. असा माणूस चिडला आहे की नाही हे ओळखायचं कसं, याचं मला सुरुवातीला फार टेन्शन यायचं. जेवण कसं आहे विचारलं की ‘गुड’. भाजी आणखी वाढू का विचारलं तर श्वास आत ओढून म्हणायचे, ‘थोडं अवघड आहे.’ मला वाटायचं अवघड आहे पण जमेल, म्हणून वाढायचो. तीन आठवडे त्यांनी भेंडी खाल्ली. नंतर कळलं की तिकडे ‘थोडं अवघड आहे’ म्हणजे साफ नाही. समोरच्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्यांना जमतच नाही. (मामी, आपल्या मामूंचं अगदी उलट आहे, म्हणून तर हे पत्र एवढं लांबलं आहे.)

मग एक दिवस साहेबांनी मला दोन्ही हातांनी एक डबा दिला. कागदात गुंडाळलेला, वर गाठ अशी सुबक की सोडायला जीव होऊ नये. देताना म्हणाले, ‘अगदी टाकाऊ वस्तू आहे, काही कामाची नाही.’ एवढा सज्जन माणूस खोटं कशाला बोलेल? मी शुक्रन म्हणून डबा घेतला आणि स्टोअरमध्ये टाकाऊ सामानाच्या फळीवर ठेवून दिला. बारा दिवस तो तिथे फिनाईलच्या बाटल्यांशेजारी होता. साहेबही काही विचारेनात, कारण दिलेली वस्तू समोर उघडायची नाही ही त्यांची रीतच. शेवटी झाडलोट करताना उघडला तर आत पातळ काळे कागद, एकावर एक रचलेले. मी म्हटलं, कार्बन पेपर. ऑफिसात नेऊन दिले. कारकुनाने व्हाउचरखाली एक घातला, पेन दाबलं आणि तो कुरकुरून मोडला. वास घेतला तर थेट आपल्या खाडीच्या कडेचा. ते समुद्रातलं शेवाळ निघालं, वाळवून कागदासारखं केलेलं, आणि त्या मुलुखात ती मोठी चीज. आईने मुलाला परदेशात खायला दिलेलं, ते त्याने मला दिलं होतं. मला इतकी शरम वाटली की सांगता येत नाही.

आता डबा परत करायचा तर रिकामा कसा देणार? मामी, तुमच्या घरात वाढलो आहे मी. शेजारणीची वाटीसुद्धा तुम्ही कधी रिकामी धाडली नाहीत, निदान चार आमसुलं तरी घातलीत. मी त्या डब्यात तुम्ही पाठवलेली आंब्याची साठं भरली आणि डबा साहेबांना दिला. मला काय ठाऊक की त्यांच्या मुलुखातही हाच कायदा आहे, आणि आपल्याहून कडक आहे. मिळालेल्याची परतफेड झालीच पाहिजे, नाहीतर रात्री झोप लागत नाही. चौथ्या दिवशी डबा परत आला, आत बिस्किटं. मी बिस्किटांवर सोडे दिले. सोड्यांवर त्यांची सुकी मासळी आली. मासळीवर मी कोकमं दिली, कोकमांवर हिरवा चहा आला. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत तो डबा आमच्यात फिरत होता. थांबायचं कोणी? तो थांबला तर तो लाजणार, मी थांबलो तर दाभोळचं नाव जाणार. तुम्ही पाठवलेली माझी सगळी पेटी त्यात संपली. पण एक झालं. मी दर वेळी सांगायचो की हे माझ्या मामींच्या हातचं आहे, आणि ते दर वेळी पूर्वेकडे की पश्चिमेकडे असं विचारून तुमच्या घराच्या दिशेला तोंड करून वाकायचे. मामी, तुम्हाला कल्पना नाही, पण चार महिने तुम्हाला इथून सलाम होत होता.

आता मुख्य प्रकार ऐका. ऑक्टोबरात मी रोज सकाळी साहेब कामावर गेल्यावर त्यांची खोली आवरायला जायचो. खोलीत टेबलावर एका जवान माणसाचा फोटो होता, समोर उदबत्ती, आणि शेजारी भाताची लहानशी वाटी. रोज ताजा भात, साहेबांनी खोलीतल्या स्टोव्हवर शिजवलेला, त्यावर वाफ धरलेली. मी लगेच ओळखलं. ही फातिहाची नियाज आहे, माणूस गेलेला आहे, आणि जेवण त्याच्या नावाने ठेवलं आहे. आपल्यात फातिहा झाली की ते जेवण तिथेच पडू देतात का? घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी खायचं असतं, पडू दिलं तर ती बेअदबी. खोलीत घरातलं कोणी नाही, शेजारी मीच. म्हणून मी बिस्मिल्ला म्हणून तो भात खाल्ला आणि वाटी धुऊन जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भात होता. पुन्हा खाल्ला. असं नऊ दिवस चाललं. मला इतकंच जाणवलं की सहाव्या दिवसापासून वाटीत भात जास्त असायचा. मी म्हटलं, साहेब खूश दिसतात.

दहाव्या दिवशी मॅनेजर साहेब अचानक चेकिंगला आले आणि खोलीच्या दारात उभे राहिले तेव्हा माझ्या हातात वाटी होती आणि तोंडात भात. गेस्टच्या खोलीत शिरून गेस्टचं खाणं चोरणं म्हणजे इथे खलास, दुसरी शिक्षा नाही. त्यांनी मला तिथेच सांगितलं की पुढच्या मेल बोटीने सामान बांध. मला फातिहा इंग्रजीत सांगता येईना आणि तोंडातला भात गिळता येईना. त्यांनी जेटीवरून पाहुणे साहेबांना बोलावून घेतलं, लेखी तक्रार घ्यायला. मामू, त्या वेळी मला तुमचीच आठवण झाली. नऊ वर्षांची तुमच्या चिठ्ठीची इज्जत एका वाटी भातात गेली असं वाटलं, आणि जैतूनला काय तोंड दाखवू हा प्रश्न पडला. साहेब आले. त्यांनी वाटीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, माझ्या मिशीला लागलेल्या शितांकडे बघितलं. इतके दिवस रोज वाटी कोण रिकामी करतं आहे ते त्यांना त्या क्षणी कळलं. मग मॅनेजर साहेबांकडे वळून ते आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, मीच याला सांगितलं होतं, रोज खा म्हणून, चूक माझी आहे. आणि मॅनेजरच्या देखत, हातात वाटी धरलेल्या बटलरपुढे, ते जेवढे वाकता येईल तेवढे वाकले.

मॅनेजर गेल्यावर साहेब खाली बसले, मीही बसलो. फोटो त्यांच्या थोरल्या भावाचा. लढाईत बोटीवर गेला तो परत आला नाही. कुठल्या समुद्रात गेला तेही सरकारने कळवलं नाही. त्यांच्याकडे घरात पहिला भात शिजला की तो आधी गेलेल्या माणसापुढे ठेवतात आणि मग खाली काढून घरच्यांनीच खायचा असतो. तिकडे तो आई खाते. इथे परक्या मुलुखात तो एकट्याने खायला साहेबांचं मन धजत नव्हतं, म्हणून ते वाटी तशीच ठेवून कामावर जायचे. आणि संध्याकाळी येऊन बघतात तर वाटी स्वच्छ. पहिल्या दिवशी त्यांना मांजर वाटलं, दुसऱ्या दिवशी उंदीर वाटला. पाचव्या दिवशी त्यांनी सगळा हिशोब सोडून दिला आणि भाताचं माप वाढवलं, कारण भाऊ पहिल्यापासून खादाड होता. हे सांगताना ते हसले, आणि हसता हसता रडले, आणि मला म्हणाले की कोणीतरी घरचं माणूस हा भात खात होतं हे ऐकून बरं वाटलं. त्या दिवसानंतर मी तो भात रोज त्यांच्यासमोर बसून खाल्ला. रमझानात त्यांनी तो इफ्तारच्या वेळेला ठेवला, सांगावं लागलं नाही.

मामू, आता सरळ बोलतो आणि कंसही बंद करतो. मामी, यापुढचं सगळं मोठ्याने वाचा. पाहुणे साहेब जपानी आहेत. पण हे मी तुम्हाला सांगतो आहे असं म्हणणंही वेडेपणाचं आहे, कारण तुम्ही केव्हाच ओळखलं असणार. लढाईच्या आधी तुम्ही कोबे बंदरात किती वेळा उतरला होतात. मी तुमच्या मांडीवर बसून ऐकलेली गोष्ट मला आठवते. तिथल्या एका दुकानात तुम्ही छत्री विसरलात आणि दुकानदार अर्धा मैल धावत बंदरावर ती द्यायला आला, आणि वर उशीर झाला म्हणून माफी मागत होता. लढाईनंतर तुम्ही ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाहीत. तेव्हा बुटांच्या गोष्टीलाच तुम्ही समजला असाल. तरी तुम्ही मामींना ‘पुरे कर’ म्हणाला नाहीत आणि वाचन इथवर आलं, तर मामू, मी तुमचा फार आभारी आहे. हे मी मस्का लावायला लिहीत नाही. तुम्ही ऐकून घेतलंत, माझ्यासाठी ऐकलंत, याची मला जाणीव आहे.

फेब्रुवारीत नसरुद्दीन मामूंच्या नावाने मी दर सालाप्रमाणे सांदण करून फातिहा दिली आणि फातिहाच्या त्या सांदणाचे दोन तुकडे तबर्रुक म्हणून साहेबांना नेऊन दिले. त्यांनी विचारलं, कोणाचं? मला खोटं बोलता आलं असतं. पण ज्या माणसाने माझ्यासाठी एकदा खोटं बोलून माझी रोजी वाचवली त्याच्याशी मला खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं. बोट, पाणबुडी, कोणाची पाणबुडी, नऊ दिवस, सातवा दिवस. खाडीत फेकलेलं बदकही सांगितलं. सांदणाचे दोन्ही तुकडे साहेबांनी दोन्ही हातांत धरून, शेवटचा कण संपेपर्यंत, मान खाली घालून खाल्ले. मला वाटलं दुखावले, उगाच बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत गेलो तर फोटोसमोर भाताच्या दोन वाट्या होत्या. दुसरी कोणाची हे मी विचारलं नाही. त्या दिवसापासून आज सकाळपर्यंत रोज दोन होत्या, आणि दोन्ही आम्ही दोघांनी मिळून खाल्ल्या. नसरुद्दीन मामूंना तुम्ही रिकाम्या पोटी पाण्यात सोडलंत हे तुमच्या मनातून जात नाही, हे मला मामींनी एकदा सांगितलं होतं. म्हणून हे तुम्हाला कळावं असं मला वाटलं. माझ्या परीने इतकंच सांगण्यासारखं होतं.

पंपांचं काम संपलं. साहेब उद्याच्या मेल बोटीने मुंबईला जातात, तिथे त्यांची योकोहामाची बोट आठ दिवसांनी आहे. माझी नोकरी शाबूत आहे, मॅनेजर साहेब आता स्वतः बूट दारात काढतात. इन्शाल्ला मी जूनमध्ये रजेवर येतो. जैतूनला सांगा की पोटाचं तिला मी वेगळं लिहिलेलं नाही, तेव्हा आल्यावर दचकू नकोस. वडीलधाऱ्यांना सलाम, लहानांना दुआ, आणि पत्र लांबलं त्याबद्दल माफी.

तुमचाच,
शफीक

ता. क. मामी, या वर्षीची साठं घालाल तेव्हा माझ्या वाट्याची जरा जास्त घाला. खरं तर एवढंच मागण्यासाठी पत्र लिहायला बसलो होतो.

ता. क. वरचं खरं नाही. मुनाफ एकटा आलेला नाही. पत्र मुंबईपर्यंत साहेबांनीच आणलं, मुनाफने ते फक्त आत आणून दिलं, आणि गडग्याच्या पलीकडे, घरासमोर, ओकुमुरा साहेब उभे आहेत. मुंबईत मिळालेल्या आठ दिवसांतले चार त्यांनी दाभोळच्या आगबोटीसाठी काढून ठेवले. मी पुष्कळ समजावलं. मी म्हटलं, मामू तुम्हाला घरात घेणार नाहीत. तर म्हणाले, घेऊ नयेत, त्यांचा हक्क आहे. मी विचारलं, मग जाऊन बोलणार काय? म्हणाले, बोलायला काही नाही, ज्या घरातला माणूस गेला त्या घरासमोर एकदा उभं राहायचं आहे. मामू, माझी मागणी ती हीच. मी तुमच्याकडे आजवर पुष्कळ मागितलं आणि तुम्ही सगळं दिलंत. हे देणं अवघड आहे ते मला कळतं, आणि तुमच्या तोंडचं ‘अवघड’ मी त्यांच्यासारखं धरणार नाही.

ता. क. पत्र वाचून होईपर्यंत कोणाला तरी बाहेर उन्हात उभं राहावं लागणार हे माझ्या ध्यानात आत्ता आलं, आता फाडून लहान पत्र लिहायला वेळ नाही. सावलीत सरकतील म्हणाल तर सरकणार नाहीत. आपलं बोलणं त्यांना येत नाही. जाण्यापूर्वी मी त्यांच्याकडून एकच शब्द घोकून घेतला आहे, ‘बसा’. तो कानावर पडला की त्यांना समजेल. ‘जा’ मी त्यांना शिकवलेलं नाही.